सुहेली : कुलाब्यास घडलेली एक लहान बोट

जहाजांचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर आरमारें, लढाया आणि सेनापति उभे राहतात. लांकूड कोणीं तासलें, बांध्याचा विचार कोठून आला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज जिची हकीकत सांगावयाची आहे ती शिडाची बोट अवघी ३२ फुटांची. तिनें लढाई केली नाहीं कीं माल वाहिला नाहीं. परंतु एकाच माणसाला घेऊन, वाटेंत कोठेंहि बंदर न गांठतां पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगांतील पहिली बोट ती ठरली. आणि तिचा जन्म मुंबईंत, कुलाब्यास झाला.

तिच्या बांध्याची वंशावळ मात्र नॉर्वेपर्यंत जाते. नान्सेनचें ध्रुवप्रदेशांत गेलेलें ‘फ्राम’ हें जहाज ज्यानें बांधलें, त्या कॉलिन आर्चरनेंच (१८३२–१९२१) नॉर्वेच्या खडकाळ किनाऱ्यावरील कोळ्यांसाठीं बचाव-नौका आंखली. इतर होड्या वादळ पाहून बंदरांत परततात, त्या वेळीं हिनें बाहेर पडावयाचें, हीच तिची कसोटी. पुढें १९२० नंतरच्या दशकांत विल्यम ॲटकिन या अमेरिकन आरेखकानें तोच बांधा लहान करून ‘एरिक’ नांवाचा आराखडा तयार केला.

या बांध्याचीं लक्षणें मुख्यतः तीन. पहिलें असें कीं, बोट दोन्ही टोकांस निमुळती असते. सपाट पिछाडीवर मागून लाट आदळली म्हणजे ती बोटीला आडवी फिरवूं पाहते. निमुळत्या पिछाडीपाशीं तीच लाट दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जाते. दुसरें लक्षण तळाच्या लांब, सलग कण्याचें. अशी बोट चटकन् वळत नाहीं हें खरें, पण एकदां धरलेली दिशा ती सहजासहजीं सोडीतहि नाहीं. तिसरें लक्षण शिडांच्या वांटणीचें. सारा भार एकाच उंच डोलकाठीवर न टाकतां मागें दुसरी आंखूड डोलकाठी उभारलेली असते. त्यामुळें प्रत्येक शीड एकट्या माणसाला पेलण्याजोगें होतें. आणि वारा फार वाढला तर मधलें मोठें शीड उतरवून पुढच्या व मागच्या शिडांवर तोल सांभाळतां येतो. सुमारें ११ फूट रुंदीच्या या जड बोटीला वेग बेताचाच. स्थैर्य विकत घ्यावयाचें तर त्याची किंमत अशी वेगांत द्यावी लागते.

हा आराखडा मुंबईंत आणला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या व्यापारी जहाजावरील तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें. १९६३ सालीं काम सुरू झालें. लांकूड सागवानी, आणि हत्यारें आपल्या सुतारांचीं पिढीजात: वाकस आणि दोरीनें फिरणारा सामता. ज्या बंदरांत वाडिया घराण्यानें सागवानी युद्धनौका बांधल्या, आणि जेथें १८१७ सालीं बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाहावयास मिळते, तेथें ही विद्या नवी नव्हती. इराणच्या आखातांतील अरब खलाशी आग्नेयेकडील वाऱ्याला ‘सुहेली’ म्हणत. तेंच नांव बोटीला मिळालें.

इंग्लंडांत पोंचल्यावर या बोटीला कोणी मोठें मानिलें नाहीं. विनाथांबा प्रदक्षिणेचा बेत ठरला तेव्हां खुद्द मालकाच्याच मनांत नवी, लांब, पोलादी बोट होती. पैसा उभा राहिला नाहीं म्हणून तो जुन्या ‘सुहेली’तून निघाला. तारीख होती १४ जून १९६८.

प्रवास सुखाचा झाला असें कोणी समजूं नये. अटलांटिकमध्यें असतांनाच कण्यालगतच्या सांध्यांतून पाणी आंत येऊं लागलें. नॉक्स-जॉन्स्टननें समुद्रांत बुडी मारून फटींत कापूस भरला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. म्हणजे आपल्या कारागिरांचें काम निर्दोष होतें असा अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. दक्षिण समुद्रांत एका लाटेनें बोट आडवी केली, तेव्हां तिची खोलीहि जागची हलली. ऑस्ट्रेलियाच्या आसपास, वाऱ्याच्या आधारें आपोआप सुकाणू धरणारें यंत्र कायमचें मोडलें. एकट्या खलाशाला झोंप तर घेतलीच पाहिजे. येथें लांब कणा आणि वांटलेलीं शिडें कामास आलीं. शिडांचा तोल नीट जुळविला कीं बोट स्वतःच दिशा धरून चालत राही. अशा रीतीनें हॉर्नचें भूशिर वळसून ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, ती परत फाल्मथला आली. निघालेल्या नऊजणांपैकीं शर्यत पुरी करणारा तो एकटाच.

या कथेला अलीकडील एक पुरवणी आहे. त्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षीं, २०१८ सालीं, जुन्या पद्धतीच्या बोटींची शर्यत झाली. तीसाठीं गोव्यांत रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यांत ‘सुहेली’चीच प्रतिकृति ‘तुरीया’ बांधण्यांत आली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तींतून निघाले. परंतु हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळानें तिच्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली व त्यांना दुसऱ्या जहाजानें सोडवून नेलें. बांधा तोच, सागर तोच, परिणाम मात्र अगदीं निराळा! उत्तम रचनेनें माणसाची आशा वाढते, तिला अभय मिळत नाहीं. हें आर्चरच्या देशांतील कोळ्यांना शिकविण्याची गरज नव्हती, आणि आपल्या कोंकणांतल्या कोळ्यांनाहि नाहीं.

तथापि दोन बोटींत एक फरक मनाला लागून राहतो. ‘तुरीया’ बांधणाराचें नांव आपण आज घेऊं शकतों. ‘सुहेली’च्या आराखड्याचा कर्ता ठाऊक, तिचा नावाडी तर जगप्रसिद्ध; परंतु कुलाब्यास वाकस हातीं घेऊन ज्यांनीं सागाच्या फळ्या तासल्या, त्यांचीं नांवें किती वाचकांच्या कानीं आलीं असतील? तीं कोणी शोधून लिहून ठेवील, तर मुंबईच्या इतिहासांतील एक जुनें ऋण फिटेल.