शिल्लक दोन, पण जमा किती?

१९४० सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेचे रसेल ओल सिलिकॉनची एक काळी कांडी तपाशीत होते. तिच्या मध्यावर चीर होती. आणि प्रकाश पडतांच तींत सुमारें अर्ध्या व्होल्टाचा विद्युद्दाब उत्पन्न होई. त्या काळच्या मानानें हें भलतेंच होतें.

जॅक स्कॅफ व हेन्री थ्यूरर ह्या धातुशास्त्रज्ञांना कारणाचा माग लागला तो, गंमत अशी, नाकानें! कांडी कापतांना फॉस्फरसाचा वास येई. रसांत बोरॉन व फॉस्फरस अशीं दोन मलद्रव्यें होतीं. रस गोठूं लागला कीं बोरॉन घनांत सहज शिरतो, फॉस्फरस बराचसा रसांतच मागें राहतो. म्हणून आधीं गोठलेल्या भागांत बोरॉनचें व शेवटीं गोठलेल्या भागांत फॉस्फरसाचें आधिक्य झालें.

फॉस्फरसाचा अणु एक इलेक्ट्रॉन देतो, बोरॉनचा एक गिळतो. घन सेंटिमीटरमागें फॉस्फरसाचे ५ लाख अब्ज व बोरॉनचे ३ लाख अब्ज अणु असले, तर मोकळे इलेक्ट्रॉन २ लाख अब्जच उरतात. एडविन हॉल ह्यांनीं १८७९ सालीं शोधलेल्या चुंबकीय परिणामानें मोजतां येते ती ही शिल्लक. वहींत ५० जमा व ४८ खर्च असला तरी शिल्लक २ च! अशा स्फटिकास शुद्ध समजणारा फसतो. कारण दोन्ही जातींचे भारित अणु इलेक्ट्रॉनांची वाट अडवितात, आणि त्या अडथळ्यांत वजाबाकी होत नाहीं, बेरीजच होते.

ह्यावर उपाय थंडीचा. जेराल्ड पिअर्सन व जॉन बार्डीन ह्यांनीं बोरॉन-फॉस्फरसयुक्त सिलिकॉनचीं अनेक तापमानांवरील मापनें १९४९ सालीं प्रसिद्ध केलीं. स्फटिक निववीत नेला म्हणजे इलेक्ट्रॉन पुन्हा फॉस्फरसाकडे परततात व मोकळ्यांची संख्या झपाट्यानें उतरते. उताराच्या तीव्रतेवरून बंधनशक्ति कळते. उतार किती उंचीवर आहे त्यावरून शिल्लक व बोरॉन ह्यांचें गुणोत्तर. वरील उदाहरणांत तें २ ला ३ येईल. शिल्लक २, म्हणून बोरॉन ३ आणि फॉस्फरस ५.

ओल ह्यांच्या कांडींत जेथें दोन्ही तुल्यबळ होते, तेथें शिल्लक शून्य होती. वीज उत्पन्न होत होती ती नेमकी त्याच जागीं.