कार्यालयीन लेखन : टिपणी आणि मसुदा

कार्यालयीन कामकाजासाठी केलेल्या लेखनास कार्यालयीन लेखन म्हणतात. निर्णयासाठी वरिष्ठांपुढे ठेवली जाते ती टिपणी आणि निर्णय झाल्यावर बाहेर जाणाऱ्या पत्राचे प्राथमिक रूप म्हणजे मसुदा, हे त्याचे दोन मुख्य प्रकार होत.

या लेखनाशी नागपूरचा संबंध जुना आहे. १९५६ पर्यंत राजधानी असलेल्या या शहरातूनच तत्कालीन मध्य प्रदेशाचा कारभार चाले. त्या राज्याने १९५० च्या कायद्याने हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषेचे स्थान दिले. डॉ. रघुवीर यांनी येथे संस्कृताधारित प्रशासकीय परिभाषा सिद्ध केली. ती शिस्तबद्ध असली तरी क्लिष्ट असल्याची टीका झाली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. संचालनालयाच्या 'पदनाम कोश' व 'शासन व्यवहार कोश' यांमुळे पारिभाषिक शब्दांत एकवाक्यता आली.

चांगल्या टिपणीत परिच्छेदांना क्रमांक असतात. प्रथम प्रकरणाची वस्तुस्थिती, नंतर लागू होणारा नियम, पूर्वीचे तत्सम निर्णय आणि शेवटी स्पष्ट प्रस्ताव, असा क्रम ठेवावा. वस्तुस्थिती आणि स्वतःचे मत यांची सरमिसळ करू नये. पत्रात विषय एका ओळीत व संदर्भ क्रमांक-दिनांकासह द्यावा. एका पत्रात शक्यतो एकच विषय असावा.

'सदरहू प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी' या वाक्यात कोणी, काय आणि केव्हा करावे, हे कळत नाही. त्याऐवजी 'आस्थापना शाखेने अर्जदाराचे निवृत्तिवेतन प्रकरण १५ तारखेपर्यंत नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे पाठवावे' असे लिहिल्यास जबाबदारी निश्चित होते. अशा संदिग्धतेची किंमत बहुधा पत्राची वाट पाहणाऱ्या निवृत्त कर्मचाऱ्यास मोजावी लागते.

२००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकारामुळे नस्तीतील टिपण्या नागरिकही मागू शकतात. त्यामुळे आपली टिपणी उद्या अर्जदारही वाचेल, हे ध्यानी ठेवून लिहिणे हिताचे ठरते. खाजगी आस्थापनांतील ई-मेल व अहवालांनाही हीच सूत्रे लागू पडतात.