वधूचा पुष्पगुच्छ

विवाहसमयी वधूने हातात धरावयाची फुलापानांची बांधीव रचना. ही प्रथा मूलतः यूरोपीय ख्रिस्ती विवाहांतील आहे. महाराष्ट्रातील विवाहांत फुलांचे स्थान तितकेच महत्त्वाचे असले, तरी तेथे फुले अंगावर धारण केली जातात किंवा हाराच्या रूपाने परस्परांस अर्पण केली जातात. ती वधूने शोभेसाठी हाती बाळगावयाची नसतात. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या लगतच्या शहरांत भिन्न विवाहपद्धती शेजारी शेजारी नांदत असल्याने हा फरक तेथे विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

प्राचीन ग्रीक व रोमन विवाहांत वधूवर फुलापानांचे मुकुट धारण करीत. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स पंथात वधूवरांच्या मस्तकी मुकुट ठेवण्याचा विधी अद्यापि प्रचलित आहे. हाती धरावयाच्या गुच्छाला खरी लोकप्रियता लाभली, ती एकोणिसाव्या शतकात. शार्लट द लातूर या टोपणनावाने १८१९ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे प्रत्येक फुलास विशिष्ट अर्थ जोडण्याची आवड यूरोपभर पसरली. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या आपल्या विवाहात नारिंगाच्या फुलांचा मुकुट घातला होता. तिच्या ज्येष्ठ कन्येच्या गुच्छात (१८५८) मर्टल या झुडपाची डहाळी होती व ती प्रथा ब्रिटिश राजघराण्यात पुढे चालू राहिली. २६ एप्रिल १९२३ रोजी विवाहास निघालेल्या एलिझाबेथ बोझ-लायन यांनी आपला गुच्छ वेस्टमिन्स्टर ॲबीतील अज्ञात सैनिकाच्या समाधीवर वाहिला. त्यांचा एक बंधू १९१५ मध्ये युद्धात कामी आला होता. विवाहानंतर अविवाहित मैत्रिणींकडे गुच्छ फेकण्याचा रिवाजही सर्वपरिचित आहे.

भारतीय परंपरेत फूल हे प्रामुख्याने वरणाचे, म्हणजे निवडीचे चिन्ह होय. महाभारतातील नलोपाख्यानात दमयंती नळाच्या खांद्यावर माला घालून आपली निवड सर्वांसमक्ष प्रकट करते. मराठी विवाहात वधूवरांच्या कपाळी मुंडावळ्या बांधतात, वधूच्या केसांत वेणी वा गजरा माळतात आणि अंतरपाट दूर होताच दोघे परस्परांच्या गळ्यात हार घालतात. या विधींत वधूचे हात मोकळे नसतात. अंतरपाटाआड ती हार धरून उभी असते, कन्यादानात तिची ओंजळ पुढे असते, लाजाहोमात त्याच ओंजळीत भाऊ लाह्या घालतो आणि पाणिग्रहणात वर तिचा हात धरतो. केवळ शोभेसाठी धरावयाच्या गुच्छास येथे अवसरच उरत नाही.

विवाहविधी बदलले, तरी हार टिकून राहिला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहित वगळून वधूवरांच्या परस्परवचनांस महत्त्व दिले. १९५६ च्या धर्मांतरानंतर रूढ झालेल्या बौद्ध विवाहपद्धतीतही भगवान बुद्ध व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर वधूवर एकमेकांस पुष्पहार घालतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यास वधूवरांची घोषणा व तीन साक्षीदार आवश्यक असतात. तथापि नोंदणी कार्यालयातही दोन हार बहुधा आणलेले असतातच. शास्त्र वा कायदा यांच्या बंधनापलीकडे, संमती दृश्य करणारी कृती म्हणून हाराने आपले स्थान राखले आहे.

उल्हासनगर हे कल्याणनजीकच्या लष्करी छावणीच्या जागी, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून उभे राहिले; ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्यास हे नाव मिळाले. सिंधी विवाहात जयमालेखेरीज ‘हथियालो’ हा विधी असतो. त्यात वधूवरांचे उजवे हात लाल वस्त्राने एकत्र बांधतात. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी (१०६०) प्रसिद्ध असून कारखान्यांमुळे तेथे, तर मुंबईतून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांमुळे बदलापूर येथे विविध समाजांची वस्ती वाढली. या भागातील ख्रिस्ती विवाहांत वधूच्या हाती गुच्छ असतो. कॅथलिक वधूने विधीनंतर तो मरियामातेच्या प्रतिमेपुढे वाहण्याचीही चाल आहे.

हिंदू व बौद्ध कुटुंबांत गुच्छाचा प्रवेश झाला, तो विधीत नव्हे, तर सायंकालीन स्वागतसमारंभात. आणि तोही उलट दिशेने. यूरोपीय प्रथेत गुच्छ वधूकडून इतरांकडे जातो. येथे निमंत्रित तो वधूवरांना देतात. छायाचित्र होताच तो मंचामागे ठेवला जातो व ताज्या फुलांचा खर्च काही तासांत व्यर्थ ठरतो. यामुळेच अनेक लग्नपत्रिकांवर आहेर वा पुष्पगुच्छ न आणण्याची विनंती छापलेली आढळते. हार आणण्याविषयी मात्र अशी मनाई कोणी करीत नाही, कारण तो पाहुण्यांनी आणावयाचा नसून वधूवरांनीच परस्परांस द्यावयाचा असतो.

देशी हार व परदेशी गुच्छ असा भेद फुलांच्या बाबतीत मात्र टिकत नाही. गुच्छातील जर्बेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेतील आहे. परंतु हारातील निशिगंध व झेंडू हेही मूळचे मेक्सिकोतील होत. समाजाने ती फुले आपलीशी केली, त्यांच्या वापराची रीत मात्र स्वतःचीच ठेवली.