जेक्वेरी सिलेक्टर

वेबपानावरील घटक सीएसएसच्या खुणांनी शोधून जावास्क्रिप्टच्या हाती देण्याची जेक्वेरी लायब्ररीतील सोय. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये ही लायब्ररी प्रसिद्ध केली, तेव्हा ब्राउझरकडे घटक मागायचा तर आयडीने किंवा टॅगच्या नावाने. क्लासवरून शोधायला लूप स्वतः लिहावा लागे. पाने सजवणाऱ्यांना सीएसएस मात्र आधीच येत होते. तेच शोधासाठी वापरण्याचा मार्ग डीन एडवर्ड्स यांच्या सीएसएसक्वेरीने दाखवला होता. जेक्वेरीने तो सर्वसामान्य डेव्हलपरपर्यंत पोचवला, हे तिचे सर्वांत मोठे काम.

$("#यादी .बातमी") म्हणजे ‘यादी’ आयडीच्या घटकाच्या पोटातले ‘बातमी’ क्लासचे सगळे घटक. (आयडी आणि क्लासची नावे देवनागरीत चालतात.) हाती येतो तो घटकांचा संच, त्यामुळे त्यावर एकामागून एक मेथड लावता येतात. काहीच सापडले नाही तरी रिकामा संच मिळतो आणि पुढची मेथड तक्रार करत नाही. सोय मोठी, पण ‘बातमी’ऐवजी ‘बातमि’ लिहिले गेले तर चूक शोधताना घाम फुटतो. संच मागितला त्या क्षणाचाच असतो. नंतर पानात आलेली बातमी त्यात आपोआप येत नाही.

शोधाचे काम करणारे सिझल हे इंजिन २००९ मध्ये, १.३ आवृत्तीत आले. ते सिलेक्टर साधारणपणे उजवीकडून वाचते: ‘.पान .बातमी’साठी आधी सगळ्या बातम्या गोळा करते, मग कोणाच्या वर ‘पान’ आहे ते तपासते. म्हणून उजवा शब्द जितका नेमका, तितके काम कमी. सुरुवातीला आयडी असेल तर मात्र शोध त्या घटकापुरता आवळला जातो.

२००८-०९ च्या सुमारास ब्राउझरांनी क्वेरीसिलेक्टरऑल ही मेथड स्वतःच दिली आणि जेक्वेरी शक्य तिथे काम तिच्यावर सोपवू लागली. ‘:इव्हन’, ‘:ईक्यू’, ‘:व्हिजिबल’ हे जेक्वेरीचे स्वतःचे सिलेक्टर ब्राउझरला कळत नाहीत, त्यामुळे ते आले की शोध मंदावतो. ‘:फर्स्ट’ आणि सीएसएसचा ‘:फर्स्ट-चाइल्ड’ यांत गल्लत नेहमी होते: पहिला सगळ्या निकालातून एकच घटक देतो, दुसरा प्रत्येक पालकाचे पहिले अपत्य. क्रमावर चालणारे असे सिलेक्टर ३.४ आवृत्तीपासून टाळण्याची सूचना आहे. आधी साधा शोध घेऊन मग फर्स्ट ही मेथड लावणेच चांगले. ‘:हॅज’चे उलटे झाले: जेक्वेरीत तो वर्षानुवर्षे होता, ब्राउझरांत २०२२ पासून येऊ लागला आणि २०२३ च्या डिसेंबरात फायरफॉक्सनेही स्वीकारला.