परळचे गिनी पिग : प्रयोगपशू ते रुग्ण

प्रस्तावना
पाळीव गिनी पिगच्या अंगावर गाठ आढळली, की आज त्यास पशुवैद्यकाकडे नेले जाते. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात मात्र हा प्राणी प्रथम संशोधनाचे साधन म्हणून आला. प्रस्तुत लेखात मुंबईतील परळ परिसराच्या आधारे या स्थित्यंतराचा आढावा घेतला आहे.

साधन म्हणून प्राणी
परळ येथे १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा तेथीलच जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतील प्लेगग्रस्त घरांत गिनी पिग सोडले. त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवांवरून रोगप्रसाराचा मार्ग स्पष्ट झाला. येथे प्राण्याचा मृत्यू हाच पुरावा होता.

परळमध्येच १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करून १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. प्राण्याच्या गाठीची सूक्ष्म तपासणी झाली. हेतू मात्र मानवी रोगाचे आकलन हाच होता.

रुग्ण म्हणून प्राणी
गिनी पिगमध्ये वयाच्या तीन वर्षांनंतर गाठींचे प्रमाण वाढते. त्वचेतील केशमूळांच्या गाठी बहुधा निरुपद्रवी असतात. स्तनाच्या गाठी नरांमध्येही आढळतात. मानेवरील गाठ अनेकदा अर्बुद नसून जिवाणूंमुळे झालेले गळू असते. म्हणून सुईने पेशी काढून केलेली तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी महत्त्वाची ठरते. गाठ एकाच जागी मर्यादित असल्यास ती काढणे हा मुख्य उपचार होय.

या उपचाराला प्रयोगशाळेतील जुने ज्ञान उपयोगी पडते. गिनी पिगला माणसाप्रमाणेच आहारातून क जीवनसत्त्व लागते, याचा माग १९०७ च्या नॉर्वेतील प्रयोगांतून लागला; जखम भरण्यासाठी ते आवश्यक असते. पेनिसिलिन या प्राण्यास घातक ठरते, हे १९४३ मध्ये नोंदले गेले. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर प्रतिजैविक निवडताना विशेष दक्षता घ्यावी लागते. प्राणी लवकर खाऊ लागणेही तितकेच आवश्यक असते, कारण उपासाने त्याचे आतडे मंदावते.

निष्कर्ष
ज्या प्रयोगांत हे प्राणी मेले, त्यांतूनच त्यांच्या वंशजांना वाचविणारे ज्ञान हाती आले. त्या ज्ञानाचा लाभ प्रथम माणसाला झाला, प्राण्याला फार उशिरा. पशुवैद्यकाच्या इतिहासलेखनात या ऋणाची नोंद होणे आवश्यक आहे.