खाटेचा चौथा पाय

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत जवळपास ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. रॉकेटचा तुकडा होता. त्या रात्री मी चंद्रपुरात गच्चीवर गेलो. कितीतरी महिन्यांनी वर बघत होतो. सप्तर्षी शोधले, तर खाटेचा एक पाय सापडेना.

खाट म्हणायची माझी आजी. चार तारे म्हणजे म्हातारीची खाट, मागचे तीन म्हणजे ती चोरायला टपलेले चोर. उन्हाळ्यात खाट वायव्येला कलली की मोहफुलं वेचायला निघायची वेळ झाली. घरात घड्याळ नव्हतंच. मला ही आजीचीच गोष्ट वाटायची. पुढे कळलं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांमध्ये फिरून २०१३ साली यावर निबंधच लिहिला. त्यातही खाट आहे, चोर आहेत. मृगात नांगर आहे. राजेराण्या नाहीत, रोजच्या कामाची अवजारं आहेत.

खाटेचा तो पाय मुळातच मंद. शहराच्या उजेडात सर्वांत आधी तोच बुडतो. आणि उजेड तर आमच्याकडेच तयार होतो! १९८३-८४ च्या सुमारास इथल्या औष्णिक केंद्राचे पहिले संच सुरू झाले, आज क्षमता २९२० मेगावॅट. गावोगावी पांढरे एलईडी आले ते बरंच नंतर.

पण अंधार जपा म्हणणं गच्चीवरून सोपं आहे. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईला झुडपामागचा वाघ वेळेत दिसायला हवा. म्हणून मला पेंचची गोष्ट पटते. नागपूर जिल्ह्यातल्या या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे गावं अंधारात ढकलली नाहीत. शंभराहून जास्त दिवे बदलून त्यांची तोंडं खाली केली. उजेड पायवाटेवर पडतो, आभाळात सांडत नाही.

या उन्हाळ्यात मूलजवळच्या आजीच्या गावी गेलो. चौथा पाय जागेवर होता. देवळासमोर मात्र नव्या खांबासाठी खड्डा खणलेला. सरपंचांना म्हटलं, "दिवा लावाच, फक्त त्याचं तोंड खाली ठेवा."

ते हसले. "आधी दिवा येऊ तर द्या, भाऊ."