सिद्दिकी, इक्बाल
(२६ डिसेंबर १९७४– ). भारतीय क्रिकेटपटू, उजव्या हाताचे मध्यम-जलदगती गोलंदाज. जन्म औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे. भारतातर्फे ते एकच कसोटी सामना खेळले; तथापि मराठवाड्यातील क्रिकेटच्या इतिहासात त्या सामन्यास विशेष स्थान आहे.

औरंगाबाद व आसपासचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्र राज्यात आला. रणजी करंडक स्पर्धेत मात्र या एका राज्याचे मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन स्वतंत्र संघ उतरतात. त्यांपैकी महाराष्ट्र संघाने दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला होता. या संघाच्या क्रिकेट संघटनेचे केंद्र पुणे असल्याने मराठवाड्यातील खेळाडूस आपल्या गावापासून दूर जाऊनच नाव मिळवावे लागे. सिद्दिकी हे महाराष्ट्र संघातर्फे नव्या चेंडूने गोलंदाजी करीत पुढे आले. भारतातील संथ खेळपट्ट्यांवर जलद गोलंदाजाच्या वाट्यास कष्ट अधिक व यश कमी येते. त्यांची निवड झाली, तेव्हा ते सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते.

३ डिसेंबर २००१ रोजी मोहाली येथे इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतील पहिला कसोटी सामना सुरू झाला. जवागल श्रीनाथ या सामन्यात नसल्याने जलद गोलंदाजीची जबाबदारी नवोदितांवर आली. सिद्दिकी, केरळचे टिनू योहानन व रेल्वे संघाचे संजय बांगर या तिघांनी याच सामन्यात कसोटी पदार्पण केले. बांगर यांचा जन्म बीडचा. त्यामुळे मराठवाड्यात जन्मलेले दोन खेळाडू एकाच दिवशी कसोटीपटू झाले.

इंग्लंडने दोन डावांत अनुक्रमे २३८ व २३५ धावा केल्या. हरभजन सिंग यांनी पहिल्या डावात ५१ धावांत ५, तर अनिल कुंबळे यांनी दुसऱ्या डावात ८१ धावांत ६ गडी बाद केले. गोलंदाजीचा मुख्य भार असा फिरकीवरच राहिला आणि सिद्दिकी यांच्या वाट्यास एकच बळी आला. भारताच्या ४६९ धावांत त्यांनी २४ धावांची भर घातली. त्यामुळे विजयासाठी केवळ ५ धावा हव्या होत्या. त्या काढण्यासाठी नेहमीच्या जोडीऐवजी दीप दासगुप्ता यांच्यासोबत सिद्दिकी यांना सलामीस पाठविण्यात आले. पाचही धावा त्यांनीच केल्या व भारताने चौथ्या दिवशी १० गडी राखून सामना जिंकला.

अहमदाबाद येथील पुढच्या कसोटीत श्रीनाथ परतले आणि सिद्दिकी यांना संघातून वगळण्यात आले. त्यांना पुन्हा संधी मिळाली नाही. बांगर यांनाही त्या सामन्यात स्थान मिळाले नाही. मात्र ते पुढे परतले व एकूण १२ कसोटी सामने खेळले. एकाच दिवशी आरंभ झालेल्या या दोन कारकीर्दींची तुलना उद्बोधक आहे. फलंदाजीसह मध्यमगती गोलंदाजी करणाऱ्या बांगर यांना संघात एकाहून अधिक जागी स्थान मिळू शकत होते. केवळ नव्या चेंडूवर विसंबणाऱ्या सिद्दिकी यांची जागा मात्र, मायदेशात दोन फिरकी गोलंदाज निश्चित असताना, दुसऱ्याच्या अनुपस्थितीवरच अवलंबून राहिली. १ बळी व २९ धावा या आकड्यांवरून त्यांची गुणवत्ता ठरविणे म्हणूनच योग्य होणार नाही. निवडीपर्यंत पोहोचण्यासाठी महाराष्ट्र संघातर्फे त्यांनी अनेक हंगाम केलेली गोलंदाजी हाच त्यांच्या कारकीर्दीचा खरा गाभा होय.